फ्रेडरिक डग्लसचे वाचन

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १८१८ च्या सुमारास फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणूनच जन्माला आला. पुढं बाल्टिमोर शहरात मालकीणबाईंनी त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालक संतापला. वाचता आलं की गुलाम कामातून गेला, असं त्याचं म्हणणं! पोरानं ते ऐकलं. मालकाला ज्याची एवढी धास्ती, तीच आपल्या सुटकेची वाट, हे त्यानं ताडलं. मग गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पाव द्यायचा नि धडा घ्यायचा. ती पोरंही उपाशीच असायची.

बाराव्या वर्षाच्या सुमारास ५० सेंट देऊन त्याने भाषणांचं एक पुस्तक विकत घेतलं. त्यातल्या संवादात गुलाम वादात मालकाला निरुत्तर करतो आणि मुक्त होतो. मनात घोळणाऱ्या विचारांना शब्द मिळाले. पण सुख मात्र गेलं. आपल्या माणसांना आफ्रिकेतून चोरून आणलं, हे ध्यानी आल्यावर त्याला चैन पडेना. अडाणी सोबत्यांचा हेवा वाटे.

१८३८ साली तो उत्तरेकडे पळाला, सभा गाजवू लागला. एवढं सुरेख बोलणारा गुलाम असेलच कसा, अशी लोकांत कुजबुज झाली. तेव्हा पकडले जाण्याची भीती असूनही त्याने १८४५ साली मालकांच्या नावांनिशी आपली कहाणी छापली.