पाणी, पंगत आणि प्रभुभोजन

सबंध जीवन ख्रिस्तमय व्हावे, श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती उरू नये, ही अपेक्षा मराठी ख्रिस्ती लेखनात आरंभापासून आहे. परंतु या अपेक्षेचा इतिहास आपल्याकडे बहुधा सवर्ण धर्मांतरितांच्या चरित्रांतून सांगितला गेला. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' १८८८ साली आले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी तर मराठी वाचकाला वेगळे काही सांगायला नको. महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, ते मात्र मिशनच्या अहवालांत बहुतांशी आकडे म्हणून उरले. आकड्यांना आत्मचरित्र नसते.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्याचे ठाणे पडले. तेथून १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'नेच १८५५ मध्ये मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापला. ती जोतीरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी, ख्रिस्ती नव्हे. आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. नगर भागातील अनेक अस्पृश्यांनी पुढे त्याला येशूच्या नावाने उत्तर दिले.

आता हे उत्तर जगायचे म्हणजे काय? ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याची पंगत तुटे, सोवळे मोडे, घरचे लोक सुतक पाळीत. त्याचा त्याग सर्वांना दिसे. महार ख्रिस्ती झाला की गावाच्या लेखी काहीच घडत नसे. विहीर बंद होती ती बंदच राहिली. मेलेले ढोर ओढायला बोलावणे यायचे ते येतच राहिले. वतनाची कामे सोडावीत तर बलुत्याची भाकर जाते. करावीत तर शब्बाथ मोडतो आणि देवीच्या जत्रेतला मानही पदरात पडतो. मनाने ख्रिस्ती होणे त्याला अवघड नव्हते, पोटाने ख्रिस्ती होणे अवघड होते. हा भेद ध्यानात न घेता दुष्काळातल्या धर्मांतरितांना पोटभरू म्हणून हिणवणारे टीकाकार आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांच्यापैकी किती जण उपाशी होते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

एक वाट नारायण शेषाद्री यांनी शोधली. ते १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले, आणि तेथे प्रामुख्याने मांग कुटुंबे राहिली. गावाचे नियम बदलत नसतील तर गावच नवे करावे, असा हा विचार. त्यात धैर्य होते, तशीच मर्यादाही होती. वेशीबाहेरचे जुने गाव जसेच्या तसे राहिले.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांचा १९०० सालचा. मधल्या काळात पतीजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले होते. 'स्मृतिचित्रे'त त्या हे काही न लपवता सांगतात. त्यांच्या मनातून आधी जातिभेद गेला आणि मग बाप्तिस्मा आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. अनेकांच्या बाबतीत तो उलट झाला, आणि मग पहिला भाग करायचा राहूनच गेला. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारणारी ख्रिस्ती घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रभुभोजनाला एकत्र बसणारे लग्नाच्या बैठकीत वेगळे बसतात!

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी नेमके यावर बोट ठेवले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण आहे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. पण शिकलेल्या ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिला नाही, आणि अस्पृश्याला ख्रिस्ती केले की मिशनऱ्यांना आपले कर्तव्य संपल्यासारखे वाटते, हेही ऐकवले. ख्रिस्तावर प्रेम आणि चर्चला जाब, दोन्ही एकाच भाषणात.

पुढे कागदाचा प्रश्न आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेर राहिले. मद्रासमधील सुसाई या ख्रिस्ती चांभाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. धर्मांतरानंतरही तीच अवहेलना तितक्याच तीव्रतेने टिकते याचा पुरेसा पुरावा नाही, असे कारण दिले. म्हणजे ज्याच्या विहिरीवर जात आहे त्याच्या दाखल्यावर ती नाही. म्हणून कित्येक कुटुंबांनी शाळेच्या रजिस्टरात जुनी नोंद राहू दिली. पाळकाने त्यांना दुटप्पी म्हणावे हे सोपे आहे. पण मुलाची शिष्यवृत्ती चर्च भरणार काय?

२०२२ साली केंद्र सरकारने या प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचे प्रकरण आले. तिला सरकारी कारकुनाच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता, आणि आपण हिंदू आहोत असे तिचे म्हणणे होते. ती नियमित चर्चला जाते, या कारणावर न्यायालयाने दाखला नाकारला.