‘पौ बारह होना’ : तळटीप

* पौ बारह होना : नशीब फळफळणे. लेखकाचा हा उर्दू वाक्प्रचार मुद्दाम तसाच ठेवला आहे. १९४८पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तिथे त्या काळात वाढलेल्या पिढीच्या मराठीत असे वाक्प्रचार सहज येत. मराठी ‘पोबारा करणे’ म्हणजे मात्र पळ काढणे. दोन्हींचे मूळ सोंगट्यांच्या खेळातील एकाच दानात आहे, पण अर्थांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इथे जवळचा मराठी वाक्प्रचार ‘पाचही बोटे तुपात असणे’. पुढे पात्राच्या तोंडी येणारे ‘आँखें दिखाना’ म्हणजे ‘डोळे वटारणे’. शब्दशः ‘डोळे दाखवणे’ घेतल्यास धमकीचा अर्थच हरवतो. – संपादक