शेंद्र्यातील स्कोडा आणि सीमाशुल्काचा वाद

चिकलठाण्याहून जालना रस्त्याने पुढे गेले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. येथे स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू केली. पुढे सुपर्ब, कोडियाक आणि ऑडीच्या काही मोटारीही येथेच जोडल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या भारतातील कंपन्यांचे विलीनीकरण होऊन स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया अस्तित्वात आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने या कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या कराची नोटीस बजावली. वाद वर्गीकरणाचा आहे. संपूर्ण मोटारीचा सुटा संच आयात केल्यास ३० ते ३५ टक्के शुल्क लागते. सुट्या भागांवर मात्र ५ ते १५ टक्केच. जवळजवळ अख्खी मोटार वेगवेगळ्या खेपांतून आणून कंपनीने कमी शुल्क भरले, असा विभागाचा आरोप आहे. आपण संच आणतच नाही, हे कंपनीचे म्हणणे.

२०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कंपनीने ही मागणी म्हणजे आपल्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असल्याचे सांगितले, तर ती रद्द झाल्यास परिणाम विनाशकारी होतील, असे सरकारने बजावले. दोन्ही बाजूंची भाषा अशी टोकाची. कामगारांना मात्र तळेगाव आठवते. तेथे जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले आणि नोकऱ्यांचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. त्या बंदीचे कारण कर नव्हे, घटलेली विक्री होते. हा फरक चर्चेत सहसा सांगितला जात नाही.