काऊच्या वाट्याची खिचडी

मराठीत मुलांसाठी गोष्ट छापली गेली ती प्रथम बोध करण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापच्या कथा मराठीत उतरल्या. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ आला. घरातली आजी मात्र तात्पर्याच्या वाटेला फारशी गेली नाही. तिच्या चिऊ-काऊच्या गोष्टीत मुले हसत ती चिऊच्या बहाण्यांना, आणि बहाणे घरोघरी निराळे असत.

आम्हां सुरतवासी मराठी मंडळींच्या घरांत तर ही गोष्ट शेजारधर्मही पाळते. गुजराती चका-चकी तांदळाचा नि मुगाचा दाणा आणून खिचडी रांधतात. चकी पाण्याला जाताच चका ती फस्त करतो आणि डोळे आल्याचे सोंग करून निजतो. आमच्या मुलांनी हे दोन्ही संसार केव्हाच एकत्र केले आहेत. मेणाच्या घरात खिचडी शिजते, बाहेर काऊ भिजतो, आणि चोरीचा आळ त्याच्यावरच! भाषाशुद्धीचे आग्रही आजोबा यावर कुरकुरतात. परंतु इंग्रजी शाळेतून आलेले नातवंड रात्री ज्या मराठीत हसते, ती हीच.

अशा हसण्याला शिक्षणात मानाचे स्थान दिले ते गिजुभाई बधेका यांनी. भावनगरास १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढणाऱ्या या वकिलास लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणत. त्यांनी लोककथा मुलांच्या बोलीत पुन्हा सांगितल्या. त्यांतला दला तरवाडी वांगी चोरताना वाडीचीच परवानगी मागतो नि तिच्या वतीने स्वतःच होकार देतो. पुढे मालकही तसाच विहिरीला विचारून त्याला बुचकळ्या देतो. वर बोध सांगण्याची गरजच उरत नाही. ‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात गिजुभाईंनी आनंद हेच गोष्टीचे पहिले प्रयोजन मानले.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. सुरतेहून मुंबईस जाताना लागणारे घोलवड स्थानक त्याच परिसरातले.

आपल्या घरची खिचडी मात्र अजून कोणी टिपून ठेवलेली नाही. काऊला अखेर दार उघडते की नाही, याविषयी आमच्या मुलांतच दोन तट आहेत.