क्रॉन

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘क्रॉन लावला का?’ हा प्रश्न रोज येतो. रात्रीचा बॅकअप, पहाटेचा अहवाल, जुन्या फायलींची सफाई अशी ठरावीक वेळी आपोआप व्हायची कामं या क्रॉनवर सोपवलेली असतात. शब्दाचं मूळ ग्रीक ‘ख्रोनोस’, म्हणजे काळ. डॉक्टरांच्या तोंडचा ‘क्रॉनिक’ आजार याच कुळातला: काळ सरला तरी न सरणारा. बेल लॅब्जच्या १९७९ मधल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता. दर मिनिटाला जागं व्हायचं, यादी पाहायची, काम असेल तर करायचं, नाहीतर पुन्हा झोपायचं. पुढे १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन सर्वत्र पसरला.

त्या यादीचं नाव ‘क्रॉनटॅब’. त्यातला ‘टॅब’ म्हणजे टेबल, तक्ता. ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रकान्यात तारका असेल तर ‘प्रत्येक’. मला ही लिपी फार देखणी वाटते. इतक्या कमी चिन्हांत वर्षभराचं वेळापत्रक मावतं! पण तारीख आणि वार दोन्ही लिहिले, तर दोन्ही जुळण्याची वाट क्रॉन पाहत नाही, एक जुळलं तरी काम सुरू करतो. नवशिक्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. शिवाय पुष्कळ सर्व्हरांचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. तिथे आपल्या सकाळच्या आठसाठी ‘३० २ * * *’ असं लिहावं लागतं.