फुले ओसरल्यावरही जपावा अ‍ॅमरिलिसचा कंद

घरोघरी कुंडीत अ‍ॅमरिलिस या नावाने लावली जाणारी कंदवर्गीय वनस्पती शास्त्रीयदृष्ट्या दक्षिण अमेरिकेतील हिप्पिअ‍ॅस्ट्रम या प्रजातीतील आहे. खरी अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेतील. फुले ओसरताच अनेक जण कंद टाकून देतात. वास्तविक, योग्य निगा राखल्यास तोच कंद अनेक वर्षे फुलतो.

कुंडी कंदापेक्षा थोडीच रुंद आणि तळाशी छिद्र असलेली असावी. माती पाण्याचा निचरा होणारी हवी. कंदाचा वरचा किमान एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. अंकुर दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे, अन्यथा कंद कुजतो. उजेडाच्या खिडकीशी ठेवलेल्या कुंडीत साधारणतः ६ ते ८ आठवड्यांत फुले येतात. दांडा उजेडाकडे झुकत असल्याने कुंडी अधूनमधून फिरवावी.

फुले सुकल्यावर दांडा कापावा. पाने मात्र राखावीत. पानांनी तयार केलेले अन्न कंदात साठते आणि पुढील बहर त्यावरच अवलंबून असतो. त्यामुळे या काळात भरपूर उजेड, नियमित पाणी व खत आवश्यक ठरते. काही महिन्यांनी पाणी थांबवून कंदाला ८ ते १० आठवडे थंड, कोरड्या जागी विश्रांती दिल्यास तो पुन्हा फुलण्यास सिद्ध होतो.

कांद्यासारख्या दिसणाऱ्या या कंदात लायकोरिन हे विषारी द्रव्य असते. तो खाल्ल्यास उलट्या होतात. म्हणून कंद स्वयंपाकघरात साठवू नये आणि मुले, कुत्री व मांजरे यांच्यापासून दूर ठेवावा.