कानाचा फाटलेला पडदा

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम भामरागडाजवळ होतो. हा मुलूख १९८२ सालीं नव्या गडचिरोली जिल्ह्यांत गेला; तोंवर तो चांदा, म्हणजेच चंद्रपूर, जिल्ह्याचा भाग होता. पर्लकोटेला पूर आला कीं पलीकडील गांवांचा जगाशीं संबंध तुटतो. अशा ठिकाणीं सर्पदंश झालेल्या माणसाला खाटेवर घालून चौघे उचलून नेतात. पण मुलाचा कान वाहतो म्हणून कोणी खाट उचलीत नाहीं.

हा वाहणारा कान पुष्कळदां फाटलेल्या पडद्याचा असतो. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि व्यास नऊ-दहा मिलिमीटर. कानशिलांत बसलेली थप्पड, सुरुंगाचा धडाका किंवा कान कोरण्याची काडी त्याला पुरते. सर्दीनंतर आंत सांचलेला पूहि त्याला आंतून भोंक पाडतो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत कर्णस्रावाचीं कारणें म्हणून डोक्यावरील आघात, पाण्यांत बुडी मारणें आणि आंतील पिकणें हीं तिन्ही सांगितलीं आहेत. हें निरीक्षण आजहि टिकून आहे.

भोंक बुजविण्याचा पहिला नमूद प्रयत्न मात्र युरोपांतला. १६४० सालीं मार्कुस बान्त्सर या जर्मन वैद्यानें एक नळी घेऊन तिच्या टोंकाला डुकराच्या मूत्राशयाचें कातडें ताणून बसविलें आणि ती कानांत घातली. पुढें लंडनमध्यें यर्स्ली यांनीं ओल्या कापसाचा गोळा, तर १८५३ सालीं टॉयन्बी यांनीं रबराची चकती वापरली. हीं सारीं ठिगळें होतीं; काढलीं कीं कान पूर्ववत्. अमेरिकेंतील ब्लेक यांनीं १८७७ सालीं भोंकावर साधा कागद चिकटविला, तेव्हां कडांची त्वचा त्या कागदाच्या आधारानें वाढून भोंक मिटूं शकतें असें दिसलें. पुढल्याच वर्षीं बेर्टोल्ट यांनीं कातडीचें कलम केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं पडदा नव्यानें बसविण्याची आजची शस्त्रक्रिया १९५० नंतर वुल्स्टाइन व त्सोल्नर यांच्या हातीं रूढ झाली.

परंतु आघातानें नुकत्याच फाटलेल्या पडद्याला बहुधा यांतील कशाचीच गरज लागत नाहीं. तो कांहीं आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, आपला आपण जुळतो. कान कोरडा ठेवावा, अंघोळीच्या वेळीं व्हॅसलिन लावलेला कापूस बाहेरच्या बाजूस ठेवावा, बुडी मारूं नये, नाक जोरानें शिंकरूं नये, आणि वैद्यानें सांगितल्याखेरीज आंत थेंबहि घालूं नये. पू, ताप किंवा चक्कर असेल तर मात्र वैद्य गांठावाच. सारें बिघडतें तें तेलानें. कोमट तेलाची वाटी घेऊन बसण्याची ही खोड केवळ रानांतली आहे असें नागपुर-पुण्याच्या सुशिक्षित घरांनीं समजूं नये. घरोघर ती सांपडेल.

भामरागडाजवळ हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं डिसेंबर १९७३ मध्यें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना चालविला. १९७६ सालीं आश्रमशाळा निघाली. या भागांत दवाखान्याइतकीच शाळाहि कानाच्या कामाची आहे. कारण घरांत बोली माडिया, शाळेंत मराठी. हांक मारल्यावर वळून न पाहणाऱ्या मुलाला भाषा कळली नाहीं, कीं पडद्याला भोंक आहे, हें मास्तरांना कसें उमगावें? दोन्ही मुलें सारखींच गप्प बसतात. पहिल्याला सहा महिन्यांत मराठी येऊं लागते; दुसरा मागच्या रांगेंतच राहतो, मठ्ठ ठरतो आणि एके दिवशीं शाळा सोडून गुरांमागें जातो. अशा मुलाला त्याच्याच बोलींत पाठीमागून हलकेच हांक मारून पाहिली, तर निम्मी शंका तेथेंच फिटते. उरलेली दवाखान्यांत कानांत डोकावून पाहिल्यावर.